टीएसएच खाली का आलं नाही?

सांगलीत माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. थायरॉइडचे रिपोर्ट रोजचेच. टी-फोर हे थायरॉइडचं संप्रेरक वाढलं की ग्रंथीला कामाला लावणारं टीएसएच तळाला जातं, हा ठरलेला हिशेब. पण क्वचित टी-थ्री, टी-फोर दोन्ही चढलेले आणि टीएसएच मात्र नॉर्मल, असे आकडे मशीन दाखवतं. मग सही करण्याआधी मी नमुना पुन्हा लावते. बायोटिन चालू आहे का, तेही विचारते. (केसांसाठी हल्ली पुष्कळजण घेतात आणि ते तपासणीला फसवतं.) तरीही आकडे हटले नाहीत, तर पुढचा प्रश्न: घरात आणखी कुणाला गलगंड आहे का?

या प्रश्नामागे एक जुनी गोष्ट आहे. 1967 साली अमेरिकेत सॅम्युअल रेफेटॉफ आणि सहकाऱ्यांनी एका कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध केली. भावंडं मूकबधिर, गळा सुजलेला, हाडांची वाढ मागे पडलेली. थायरॉइड कमी असावं तशी लक्षणं, पण रक्तात संप्रेरक भरपूर. शरीरच त्याला दाद देत नसावं, असा त्यांनी तर्क केला. पेशीत संप्रेरकाला धरणारा रिसेप्टर 1986मध्ये हाती लागला आणि तीनच वर्षांत तिसऱ्या गुणसूत्रावरच्या टीएचआरबी जनुकातला दोष सापडला. त्या भावंडांत तर हे जनुक दोन्ही प्रतींतून गायब निघालं.

मला खरं कोडं वाटतं ते त्यांच्या आईवडिलांचं. एकेकच प्रत असूनही दोघं ठणठणीत! आणि बाकीच्या बहुतेक कुटुंबांत दोनपैकी एक प्रत बिघडली तरी आजार होतो. कारण बिघडलेला रिसेप्टर संप्रेरकाला नीट धरत नाही, पण डीएनएवरची जागाही सोडत नाही. एसटीच्या सीटवर कुणी रुमाल टाकून ठेवावा, तसा चांगल्या रिसेप्टरलाही बसू देत नाही. नसलेल्यापेक्षा बिघडलेला जास्त नडतो, तो असा.

टीएसएच पाठवणाऱ्या पिट्युटरीलाही संप्रेरक पुरेसं जाणवत नाही, म्हणून टीएसएच उतरत नाही आणि ग्रंथी राबतच राहते. हृदयात मात्र मुख्यतः टीएचआरए या दुसऱ्या जनुकाचे रिसेप्टर असतात. ते शाबूत असल्याने वाढलेलं संप्रेरक तिथे पुरेपूर लागू पडतं. धडधड आणि गलगंड पाहून हायपरथायरॉइडचा शिक्का बसतो. कधी ग्रंथी काढली जाते, कधी रेडिओआयोडीनने जाळली जाते. ज्या शरीराला जादा संप्रेरकाची गरज होती, त्याचा पुरवठाच तुटतो आणि जन्मभर मोठ्या डोसच्या गोळ्या मागे लागतात. खरं तर अनेकांना औषध लागतच नाही.

साधारण चाळीस हजारांत एकाला हा दोष असतो. तो आई किंवा वडिलांकडे असेल, तर प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. तेव्हा तुमच्या रिपोर्टवर असे आकडे असतील, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी घरच्यांचं थायरॉइड तपासून घ्या आणि एंडोक्रिनॉलॉजिस्टना जनुक तपासणीबद्दल विचारा.