थोराड निराश्रित कुत्र्यास आश्रय देतांना

रब्बीची ज्वारी हुरड्यावर आली व हरभऱ्यास घाटे धरले म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्यांतील शेतकऱ्याची झोंप उडते. कयाधूच्या कांठीं काय किंवा सेनगांव-कळमनुरीच्या माळावर काय, रानडुकरें व रोही एका रात्रींत चार महिन्यांच्या मेहनतीची माती करतात. अशा वेळीं आपल्या आखाड्यावर एखादा थोराड कुत्रा असावा असें कोणासही वाटेल. त्यांतून असा कुत्रा फुकट मिळत असेल तर विचारावयासच नको.

आणि हल्लीं तो फुकट मिळूं लागला आहे. शहरांतील हौशी लोक परदेशी जातींचीं पिलें मोठी किंमत देऊन आणतात. वर्षभरांत पिलूं वासराएवढें होतें, खर्च झेपत नाहीं, जागा पुरत नाहीं. मग एके रात्रीं गाडींतून आणून तें लांबच्या रस्त्यावर सोडून देतात. अशा जनावरास आश्रय द्यावा कीं नाहीं, याविषयीं स्वतःच्या अनुभवावरून दोन शब्द शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहें.

चार वर्षांपूर्वीं औंढ्याच्या रस्त्यालगत माझ्या शेताच्या बांधावर असाच एक कुत्रा येऊन पडला. उंची माझ्या कमरेइतकी, बरगड्या मोजून घ्याव्या अशा, गळ्यांत पट्ट्याचा घट्टा. तो ग्रेट डेन जातीचा असल्याचें पुढें पशुवैद्यांकडून समजलें. ही जात मूळची जर्मनींतील असून पूर्वीं रानडुकरांच्या शिकारीसाठीं वाढविली जात असे. पूर्ण वाढीच्या नराचें वजन ५५ किलोंपासून ८० किलोंपर्यंत भरतें. आपल्याकडील मुधोळ व कारवान हे कुत्रेही उंच खरे, पण सडसडीत. मुधोळ कुत्र्याचें वजन सामान्यतः ३० किलोंच्या आंतच असतें व येथील ऊन त्यास सोसतें. या पाहुण्यास हळदीचीं पोतीं तोलण्याच्या कांट्यावर उभें केलें, तों कांटा ४१ किलोंवर थांबला.

वजनाची ही नोंद प्रत्येकानें प्रथम करावी. जंतांचें औषध काय किंवा दुसरें कोणतेंही औषध काय, त्याची मात्रा वजनावर ठरते. दुसरी गोष्ट अशी कीं, आणलेला कुत्रा एकदम घरांत किंवा गोठ्यांत घेऊं नये. निदान पंधरा दिवस त्यास वेगळा ठेवावा, पशुवैद्याकडून तपासून घ्यावा, रेबीजची लस टोंचून घ्यावी व ती दरवर्षीं न चुकतां द्यावी. गोचीड काढावे. उपाशी जनावरास पहिल्या दिवशींच पोटभर घालूं नये. थोडें थोडें, दिवसांतून चार वेळां द्यावें, नाहींतर दयेनेंच तें दगावतें.

पुढें अन्नाचा हिशेब. आपल्याकडे कुत्र्यास उरलेली भाकरी टाकण्याची रीत आहे. एवढ्या मोठ्या देहास ती पुरत नाहीं. अंडीं, उकडलेलें मांस किंवा डाळ असें कांहीं सकस रोज लागतें. माझ्या वहींत पहिल्या महिन्याचा त्याच्या खाण्याचा खर्च घरच्या एका कर्त्या माणसाच्या खर्चाहून अधिक निघाला. कांदा, लसूण, द्राक्षें व बेदाणे कुत्र्यास विषारी असतात. शिजविलेलीं हाडें फुटून आंतड्यास टोंचतात. शेळी-मेंढी कापल्यावर तिचें कच्चें काळीज किंवा फुप्फुस कुत्र्यापुढें कधींही टाकूं नये. त्यांतील पाण्याच्या गांठींतून कुत्र्याच्या पोटांत एक जातीचा बारीक पट्टकृमी वाढतो व त्याचीं अंडीं माणसाच्या पोटांत गेल्यास यकृतांत तशाच गांठी होतात.

खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांस आणखी एक भय असतें. पोट भरल्यावर लगेच धांवल्यास जठर वायूनें फुगून पीळ खाण्याचा संभव असतो. कुत्रा ओकण्याचा प्रयत्न करतो पण कांहीं पडत नाहीं, आणि पोट नगाऱ्यासारखें ताठ होतें. अशा वेळीं घरगुती उपाय करीत बसल्यास कांहीं तासांतच तो मरतो. म्हणून अन्न दोन-तीन वेळां विभागून द्यावें व जेवणानंतर तासभर विसांवा द्यावा.

आतां माझी चूक सांगतों. एवढें धूड मोकळें सोडण्याचें धैर्य मला झालें नाहीं. मीं त्यास बाभळीच्या बुंध्याशीं लोखंडी साखळीनें दिवसरात्र बांधून ठेविलें. महिन्याभरांत तें शांत जनावर गुरगुरूं लागलें. एके सकाळीं आमचा सालगडी पाण्याची बादली ठेवावयास वांकला असतां कुत्र्यानें त्याच्या दंडास दांत लावले. जखम लगेच साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुतली, त्यास दवाखान्यांत नेलें व डॉक्टरांनीं दिलेल्या तारखांस सर्व सुया पुऱ्या केल्या. कुत्रा लस टोंचलेला आहे म्हणून हें टाळूं नये. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी बहुधा वांचत नाहीं. कुत्र्यावरही दहा दिवस नजर ठेविली. तो धडधाकट राहिला.

घरच्या मंडळींनीं त्यास रातोरात दूर सोडून देण्याचा सल्ला दिला, आणि माझ्याही मनांत तें आलें होतें. परंतु ज्याच्या दंडाची जखम अजून ओली होती तो सालगडीच म्हणाला, “दादा, बैलालाबी आपण रोज सोडतो. ह्याला कवा सोडलं?” या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

कायदाही तेंच सांगतो, हें मला मागाहून वाचतांना उमगलें. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें, नेहमीं साखळीनें बांधलेल्या कुत्र्यास पुरेसें फिरूं न देणें हा अपराध आहे. आणि उपासमार होईल अशा स्थितींत जनावर टाकून देणें हाही अपराध आहे. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणें आपल्या जनावरापासून दुसऱ्यास इजा होऊं नये म्हणून खबरदारी न घेणारा मालक शिक्षेस पात्र ठरतो. भटक्या कुत्र्यांविषयींच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशांत सर्वोच्च न्यायालयानेंही बजावलें आहे कीं, जो रस्त्यावरील कुत्रा दत्तक घेईल त्यानें तो पुन्हां रस्त्यावर येणार नाहीं याची जबाबदारी घ्यावी. सारांश, ताबा घेतला कीं जबाबदारीही आली.

मग आम्हीं आखाड्याभोंवतीं जाळीचें कुंपण घातलें. सकाळ-संध्याकाळ सालगडी त्यास दोरीनें बांधावरून फिरवूं लागला. पशुवैद्यांकडून त्याची नसबंदी करून घेतली. कुत्र्यास आपल्याप्रमाणें घाम येत नाहीं, तो धापा टाकून अंग थंड करतो. म्हणून वैशाखांत त्यास कडुलिंबाखालीं ओली जागा व दोन टोपलीं पाणी ठेवूं लागलों. निजण्यास जाड गोणपाट दिला, कारण अशा जड कुत्र्याचीं कोपरें कठीण भुईवर सोलतात. सहा महिन्यांनीं कांटा ५८ किलोंवर गेला. त्यानें पुन्हां कोणास दांत लाविला नाहीं.

राखणीचा उपयोग झाला काय? झाला. रात्रीं त्याचा घोगरा आवाज घुमला कीं डुकरें सहसा बांध ओलांडीत नाहींत. पण आवाजापुरतेंच त्याचें काम समजावें. परवानगीवांचून वन्य जनावरांवर कुत्रा घालणें १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें गुन्हा ठरूं शकतो, आणि सुळ्याच्या डुकरापुढें मोठा कुत्राही फाटून जातो.

अशीं थोराड कुत्रीं फार जगत नाहींत. आठ ते दहा वर्षें हेंच त्यांचें आयुष्य. तेवढीं वर्षें पीक बुडालें तरी अन्न, दरसालची लस, फिरविणारा माणूस व कुंपण देण्याची ज्याची तयारी नसेल त्यानें आरंभींच नाहीं म्हणावें व त्यास सांभाळणारी दुसरी योग्य जागा शोधून द्यावी. त्यांत कमीपणा नाहीं. हंगामापुरता कुत्रा घेऊन पुढें सोडून देणें मात्र पहिल्या मालकाच्याच पंक्तीस बसणें होय.

आपल्याच जिल्ह्यांतील नरसीच्या नामदेवमहाराजांची कथा लहान पोरासही ठाऊक आहे. कुत्र्यानें कोरडी पोळी पळविली, तर महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले. मीं पोळी घातली होती, पण वाटी घरींच विसरलों होतों. ती आठवण मला एका सालगड्यानें करून दिली. आतां संध्याकाळीं तो शेतावर आला म्हणजे कुत्रा मला सोडून त्याच्या पायाशीं जाऊन बसतो.