पाने-पक्कड पेट्रोलने धुऊ नका

पेरणीआधी ट्रॅक्टर, पंप खोलून झाले की पेटीतले पाने ग्रीसने माखलेले असतात. असा पाना नटावरून सटकला की बोटं थेट लोखंडावर. म्हणून आपण ते धुवायला काढतो, आणि हाताशी असतं पेट्रोल.

पेट्रोलची वाफ थंडीतही उठते. हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत पसरते, दिसत मात्र नाही. मोटारीच्या खोलीत स्टार्टर दाबला की ठिणगी उडते, तेवढी पुरते. विडीचं तर बोलायलाच नको. डिझेल-रॉकेल त्यामानाने बरं, पण ४० अंशांच्या उन्हात त्याचाही भरवसा नाही. वापरायचंच तर बाहेर सावलीत, वाटीभरच.

खरं तर बहुतेक वेळा तेही लागत नाही. लाकडाचा भुसा किंवा थंड, कोरडी राख पान्यांवर चोळा, बरंच ग्रीस त्यातच निघतं. मग गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाका, खायचा नव्हे. अर्धा तास भिजवून ब्रशने घासा. ॲल्युमिनियमचे भाग आणि लाकडी दांडे त्यात घालू नका.

पुसून उन्हात पूर्ण वाळवा. पक्कडीच्या सांध्यात पाणी राहिलं तर पावसाळ्यात ती गंजून जाम होते. तिथे इंजिन ऑइलचा एक थेंब सोडा. मुठीला तेल नको.

तेलकट चिंध्या गोठ्यात, कडब्याजवळ टाकू नका, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. घाण पाणी विहिरीपासून लांब ओता. हाताला आधी गोडंतेल चोळा, मग साबण.