सरकार आहे, सातबारा नाही

"कॅम्पवाले उतरा जी!" कंडक्टर ओरडतो आणि माझ्यासोबत दोन बाया, एक शाळकरी पोरगा आणि एक भलामोठा गठ्ठा खाली उतरतो. गठ्ठ्यावर इंग्रजीत लुधियानाचा पत्ता छापलाय. दिवाळी होऊन आठवडा झालाय. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान पिवळा झालाय, काही बांध्यांत कापून कळपा वाळत टाकल्यात. मागं गोठणगाव, पलीकडं प्रतापगडचा डोंगर, जिथं महाशिवरात्रीला महादेवाची यात्रा भरते आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनींच्या दर्ग्यावरही तशीच रीघ लागते. आणि या दोन्हींच्या मधे, सागाच्या झाडांवर निळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या, पिवळ्या पताका.

कागदावर या वस्तीचं नाव नोर्ग्येलिंग. १९७२ साली वसलेली. अर्जुनी मोरगाव तालुक्यात तिला तिबेटी कॅम्प एवढंच म्हणतात. हिमाचलातल्या धर्मशाळेत बसणाऱ्या तिबेटी सरकारच्या दप्तरात मात्र ही 'भंडारा'च. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, ही बातमी तिथल्या नोंदवहीला अजून पटलेली दिसत नाही.

पहिल्याच अंगणात काम जोरात चाललंय. ताडपत्रीवर स्वेटरांचे ढीग: लहान मुलांचे वेगळे, बायकांचे बटनवाले वेगळे, मफलरी वेगळ्या. सत्तरी ओलांडलेली एक आजी दाभणात सुतळी ओवून गठ्ठ्याचं तोंड शिवतेय. अंगावर लांब छुपा, कमरेला पट्ट्यापट्ट्यांचं पांगदेन, पायात मात्र आपल्याकडच्या बाजारातली रबरी चप्पल. प्रत्येक टाक्याला ती सुतळी दातांत धरून ताणते, मग अंगठ्यानं गाठ दाबते. सून वहीत नग लिहितेय. आकडे इंग्रजी, मजकूर तिबेटी.

"बसा जी. आमचा देश पाहाले आले का?" आजी विचारते, आणि स्वतःच हसते.

तिची भाषा तीन ठिकाणांहून गोळा झालीय. सुनेशी तिबेटी, गिऱ्हाइकाच्या सवयीनं हिंदी, आणि बांधीत काम करणाऱ्या बायांशी अस्सल झाडीबोली. धान कसा आहे म्हणून विचारलं तर लगेच सांगते, "औंदा पानी बेस आला. डुकराईनं खाल्ला थोडा." नवेगावचं जंगल लागूनच आहे. रानडुकरं, अस्वलं आणि अधूनमधून बिबट्या यांचा उपद्रव शेजारच्या गावांना तेवढाच इथंही. जनावरं निर्वासित आणि मूळनिवासी असा भेद करत नाहीत.

आजीनं तिबेट सोडला तेव्हा ती सहा वर्षांची होती. मार्च १९५९. ल्हासात उठाव झाला, दलाई लामा रात्रीतून निघाले आणि महिनाअखेर तवांगच्या बाजूनं भारतात आले. त्यांच्या मागोमाग हजारो आले. तिला आठवतं ते एवढंच, की रात्री चालायचं आणि दिवसा लपायचं, आणि बापानं कुत्रं मागं सोडलं म्हणून ती रडली होती. पुढं कितीतरी वर्षं आईबाप हिमालयातल्या रस्त्यांवर खडी फोडत होते. त्यांच्यासारख्या बहुतेकांच्या नशिबी पहिल्यांदा तेच काम आलं. मग इकडं जमीन मिळणार असं कळलं. ल्हासा साडेतीन हजार मीटरांहून उंच, आणि हे गाव समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटर. मे महिन्यात आमच्या गोंदियाचा पारा पंचेचाळीसकडं जातो.

"पहिला उन्हाळा?" मी विचारतो.

"मरून जाऊ वाटे." ती दाभण थांबवत नाही. "धान कसा लावते मालूम नाही. पऱ्हा काय, रोवणी काय. इथल्या बाया हसत. मग त्याईनंच शिकवलं."

आता कित्येक घरांची शेती ठेक्यानं किंवा मजुरांकडून होते. आत्ताही घरामागच्या बांधीत शेजारच्या गावच्या चारपाच बाया विळे घेऊन ओळीनं सरकतायत. धान उभा असतानाच ओलीवर लाखोळी फेकलेली होती, ती कापलेल्या धसकटांतून बोटभर वर आलीय. झाडीतला हा जुना उतेरा तिबेटी बांधीतही तसाच्या तसा. खरिपाला धान आणि थंडीत स्वेटर, असा इथल्या वर्षाचा हिशोब आहे. एका कामानं दुसऱ्याला जागा करून दिलीय. माल लुधियानाहून येतो आणि नागपुरापासून पार दूरदूरच्या शहरांपर्यंत जातो. आठवड्याभरात निम्मी वस्ती रिकामी होईल. म्हातारी, पोरं आणि कुत्री मागं राहतील. सगळे परततील ते लोसारच्या आधी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चात, तिबेटी नववर्षाला.

चहा येतो. थर्मासमधून, लोणी-मिठाचा. पहिला घोट घेताना तो चहा आहे हे विसरायचं आणि सार आहे असं समजायचं, म्हणजे घशाखाली उतरतो. आजी माझ्या तोंडाकडं बघते आणि सुनेला काहीतरी सांगते. लगेच दुसऱ्या कपात साखरेचा, आल्याचा येतो.

वसाहतीचं कार्यालय थोडं पुढं आहे. बैठी इमारत, व्हरांड्यात बाक, आत दलाई लामांची तसबीर आणि तिच्याखाली बर्फाचा डोंगर आणि दोन हिमसिंह असलेला झेंडा. इथला अधिकारी धर्मशाळेच्या गृहखात्याच्या हाताखाली काम करतो. तो आज तहसीलला गेलाय. टेबलामागं बसलेला तरुण कारकून इथलाच, कॅम्पात जन्मलेला. माझं गाव विचारतो, मग अस्खलित मराठीत माझ्या आमदाराच्या कामाचा हिशोब मांडतो.

भिंतीवर तिबेटचा नकाशा आहे. चीननं ज्याला तिबेट स्वायत्त प्रदेश ठरवलंय, तेवढाच नाही. ऊ-त्सांग, खाम आणि आम्दो, तिन्ही प्रांत धरून. तो सगळा मुलूख पंचवीस लाख चौरस किलोमीटरांच्या घरात जातो. आपला महाराष्ट्र त्यात आठदा मावेल. माणसं मात्र साठ-पासष्ट लाख, म्हणजे आपल्या विदर्भाच्या पावपट-तिसऱ्या हिश्श्याएवढी. समुद्र कुठंच नाही. पण सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा होणारी त्सांगपो तिथूनच निघतात, आणि पूर्वेकडं मेकाँग, यांगत्से, पीत नदीही. कारकून पेन्सिलीनं त्सांगपोवरून हळूच पूर्वेकडं जातो आणि हिमालयाला वळसा घालून आसामात उतरतो. "हिला व्हिसा लागत नाही," म्हणतो. हा विनोद त्यानं पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला असावा.

तेवढ्यात एक म्हातारबाबा येतात. सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढतात, पिशवीतून रुमाल, रुमालातून हिरव्या पुठ्ठ्याची वही. आत फोटो, नाव, आणि वर्षागणिक भरलेल्या पैशांच्या नोंदी. हा चात्रेल, म्हणजे तिबेटी सरकारचा कर. रक्कम मामुली, आणि वसुलीला पोलीस येत नाही, कारण या सरकारकडं पोलीसच नाही. पण चात्रेल थकला तर मत देता येत नाही. कारकून नोटा मोजतो, नोंद करतो, शिक्का उमटवतो. बाबा वही उघडी धरून शाईवर फुंकर मारतात, नीट वाळली याची खात्री झाल्यावरच मिटतात. रुमाल, पिशवी, आतला खिसा. बापजाद्यांचं घर राहिलं तिकडं, जमीन राहिली तिकडं. पण कर भरल्याची नोंद मात्र चोख आहे. मला वाटतं, देशप्रेमाच्या गाण्यांपेक्षा ही वही जास्त खरं बोलते.

मग मी कारकुनाला विचारतो, मत कुणाला देता?

तो सांगतो ते ऐकताना मी लिहायचं थांबतो. धर्मशाळेची संसद पंचेचाळीस जणांची. तिन्ही प्रांतांचे दहा-दहा, चार बौद्ध पंथ आणि बोन धर्म यांचे दोन-दोन, उत्तर अमेरिका आणि युरोपचे दोन-दोन, आणि एक ऑस्ट्रेलिया-आशियाचा. भंडारा नावाचा मतदारसंघ नाही, कर्नाटक नावाचाही नाही. हा पोरगा खामचा मतदार आहे, कारण त्याचा आजा खामचा. खाम त्यानं पाहिलेला नाही. त्याच्या बापानंही नाही. शेजारच्या घरातली पोरगी आम्दोची मतदार. दोघं एकाच बोअरवेलचं पाणी पितात आणि मतपेटीपाशी शेकडो कोसांनी दूर होतात. गेलेल्या मुलखाचे मतदारसंघ त्यांनी इथं, धानाच्या बांधीत उभे राहून जिवंत ठेवलेत. यावर धर्मशाळेतही वाद होतात असं तो सांगतो. आपला मुद्दा मांडतो, "प्रांताचं राजकारण इथं कशाला, जिथं राहतो तिथला माणूस निवडावा ना." मला तो पटतो. पण आजीला विचारलं तर तिला पटणार नाही, हेही कळतं.

हे सरकार बसवलं दलाई लामांनी, २९ एप्रिल १९५९ ला मसुरीत. पुढच्या वर्षी ते धर्मशाळेला हललं, आणि २ सप्टेंबर १९६० ला निवडून आलेल्या पहिल्या प्रतिनिधींनी शपथ घेतली. म्हणजे महाराष्ट्र राज्य आणि ही संसद एकाच वर्षाची. २०११ साली दलाई लामांनी राजकीय सत्ता स्वतःहून सोडली आणि ती थेट निवडून येणाऱ्या प्रमुखाकडं, सिक्योंगकडं गेली. आधी लोब्सांग सांगे, २०२१ पासून पेनपा त्सेरिंग. गादीवर बसलेल्या माणसानं आपण होऊन गादीचे हक्क लोकांच्या हवाली करणं आपल्याकडं ग्रामपंचायतीतही सहसा दिसत नाही. आणि एवढं सगळं असून जगातल्या एकाही देशानं या सरकाराला सरकार म्हणून मान्यता दिलेली नाही. भारतानंही नाही. भारत त्यांना राहू देतो, शाळा चालवू देतो, आणि २०१४ च्या पुनर्वसन धोरणात राज्यांना सांगतो, की यांच्या वसाहतींची जमीन वीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं द्या. पट्टा म्हणजे पट्टा. सातबाऱ्यावर आजीचं नाव चढत नाही. गोंदियात जन्मलेल्या माणसालाही परदेशी नागरिकाचं नोंदणीपत्र ठेवावं लागतं आणि मुदत संपली की पोलिसांकडून वाढवून घ्यावं लागतं.

"तू भारताचा नागरिक नाही होऊ शकत?" मी विचारतो.

"होऊ शकतो, बाबांमुळं. बाबा तर जन्मानंच आहेत." २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानं नागरिक ठरतो. निवडणूक आयोगानं २०१४ साली अशा तिबेटींना मतदारयादीत घ्यायला सांगितलं होतं. "बाबांनी अर्ज नाही केला. म्हणतात, मग परत जाताना काय सांगायचं?" तो हे हसत सांगतो, पण बापाची चेष्टा करत नाही.

गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, मी जास्त थांबत नाही. आत एक भिक्खू वाती सारतोय, बाहेर दोन आज्या प्रार्थनाचक्रं फिरवत वीजबिलाबद्दल बोलतायत. तिथून परतताना घरं बघत चालतो. तिसऱ्या-चौथ्या घराला कुलूप. बाजाराला गेलेल्यांचं कुलूप वेगळं, त्यावर पडदा असतो, तुळशीसारखी झेंडूची कुंडी बाहेर असते. ही कुलपं गंजलेली आहेत. हे लोक टोरांटोला, न्यूयॉर्कला, पॅरिसला गेलेत. २००९ साली तिबेटी प्रशासनानं मोजणी केली तेव्हा भारतात चौऱ्याण्णव हजारांवर तिबेटी होते. तेव्हापासून आकडा उतरत चाललाय. तिकडून इकडं येणारे जवळपास थांबलेत, इकडून पुढं जाणारे वाढलेत. शाळेत पोरं कमी, गोम्पात पोरं कमी, बांधीत तर नाहीतच. चीननं जे केलं त्याविरुद्ध घोषणा देता येतात. कॅनडाच्या व्हिसाविरुद्ध काय घोषणा देणार? खरं सांगायचं तर आमच्या झाडीतली पोरंही पुण्याला जाऊन बसलीच आहेत, आणि त्यांनी मागं सोडलेल्या गावाला निदान सातबारा आहे.

आजीच्या अंगणात आता टेम्पो लागलाय. ड्रायव्हर गोठणगावचा, गठ्ठे रचणारा पोरगा अर्जुनीचा. दोघांचं भांडण चाललंय, की मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, रात्री गावात कोणत्या कंपनीचं नाटक लागणार. आजीचा नातू मधेच तोंड घालतो, त्यालाही नाटकाचं तिकीट पाहिजे, पण त्या रात्री तो नागपुरात दुकानावर असणार. तो वैतागलाय.

"नागपूरले या," आजी मला म्हणते. "स्वेटर घ्या."

"भाव कमी करशील ना, मावशी?"

सून वही मिटते आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलते. बाजारात त्यांची संघटना आहे. अध्यक्ष आहे, खजिनदार आहे, दरवर्षी निवडणूक होते. दुकानाची जागा चिठ्ठी टाकून ठरते आणि भाव पाटीवर लिहिलेला असतो. कमी केला तर दंड.

"किती दंड?"

"ते समिती ठरवते," ती म्हणते, आणि ड्रायव्हरला तिसरा गठ्ठा उलटा ठेवल्याबद्दल झापायला टेम्पोकडं जाते.