पत्रिकेतला मंगळ, आकाशातला मंगळ

‘आमच्या आत्याला मंगळ आहे,’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. एखादीला मधुमेह आहे असं सांगावं, तितक्याच खालच्या आवाजात घरात ते बोललं जायचं. आत्या पोस्टात नोकरीला होती. दिसायला चांगली, बोलायला मोकळी. तीन स्थळं पत्रिकेवरून परत गेली, चौथ्यांदा पत्रिका द्यायलाच तिने नकार दिला. पुढे लग्नाचा विषय मागे पडला तो कायमचाच. तिने स्वतःचं घर घेतलं, भाचरांची शिक्षणं केली, वेळेवर निवृत्त झाली. तिने कधी कुणाला दोष दिल्याचं मला आठवत नाही. पण संध्याकाळी गच्चीत बसल्यावर कुणी ‘तो बघा मंगळ’ म्हणालं, की ती उठून आत जायची.

त्या आत्याने वयाच्या पासष्टाव्या वर्षी मंगळ प्रथमच डोळे भरून पाहिला. त्या रात्रीची ही गोष्ट.

शेतावरची रात्र

२०२५ च्या जानेवारीतला, पौष अमावास्येच्या आधीचा शनिवार होता. हौशी आकाशनिरीक्षकांच्या एका गटाने कर्जतजवळच्या शेतावर रात्रभराचा कार्यक्रम ठेवला होता. साडेआठ वर्षांच्या माझ्या मुलीने हट्टच धरला होता. आत्या आली ती केवळ ‘पोर रात्री कुडकुडेल, कुणीतरी लक्ष द्यायला हवं’ म्हणून, सोबत शाल आणि तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन.

अंधार पडला आणि आम्ही तिघी गप्पच झालो. मुंबईत मोजून वीस-पंचवीस तारे दिसतात. इथे तर तांदूळ सांडावेत तसं आकाश भरलं होतं. ‘पहिली वीस मिनिटं मोबाईल बाहेर काढायचा नाही,’ कार्यक्रम घेणाऱ्या तरुणाने बजावलं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला एवढा वेळ लागतो आणि मोबाईलच्या एका झगझगाटाने ती सवय मोडते.

त्या महिन्यात संध्याकाळच्या आकाशात चार ग्रह एकाच वेळी दिसत होते. पश्चिमेला झगझगीत शुक्र आणि त्याच्याजवळ मंद शनी, डोक्यावर गुरू, पूर्वेला तांबूस मंगळ. चारही एका कमानीवर ओवल्यासारखे होते. ती कमान म्हणजे सूर्य-चंद्राची आकाशातली वाट. सगळे ग्रह जवळजवळ एकाच पातळीत सूर्याभोवती फिरत असल्याने याच वाटेच्या आसपास सापडतात. ग्रह ओळखण्याची दुसरी खूण तर लहान मुलालाही जमेल. तारे लुकलुकतात, ग्रह सहसा लुकलुकत नाहीत.

शुक्राची कोर आणि शनीची कडी

दुर्बिणीपुढे रांग लागली. शुक्र पाहून माझी मुलगी ओरडली, ‘अगं आई, हा तर अर्धा चंद्र आहे!’ तिचं खरं होतं. चंद्रासारख्याच शुक्रालाही कला असतात. १६१० मध्ये गॅलिलिओने आपल्या लहानशा दुर्बिणीतून त्या पाहिल्या आणि शुक्र पृथ्वीभोवती नव्हे तर सूर्याभोवती फिरतो, याचा मोठा पुरावा त्याच्या हाती लागला. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्याला गुरूचे चार चंद्र दिसले होते. तेच चार ठिपके त्या रात्री आम्हीही पाहिले.

शनीने मात्र थोडी निराशा केली. पुस्तकातल्या चित्रासारखी रुंद कडी दिसायच्या ऐवजी ग्रहाला आरपार गेलेली एक बारीक रेघच दिसली. साधारण पंधरा वर्षांतून एकदा शनीची कडी पृथ्वीवरून अशी कडेने दिसतात. मार्च २०२५ मध्ये ती अगदी कडेवर येऊन दिसेनाशी होणार होती. पुढच्या काही वर्षांत ती पुन्हा हळूहळू उघडत जातात.

मग तरुणाने दुर्बीण पूर्वेला वळवली. ‘आता मंगळ. काकू, तुम्ही या ना पुढे.’

आत्या जागची हलली नाही. ‘मला नको. पोरांना दाखवा.’

‘आत्याआजी, घाबरतेस काय? एवढासा तर आहे!’ मुलगी म्हणाली.

आत्या उठली. चष्मा काढून शालीच्या टोकाने डोळे पुसले आणि वाकून दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘एवढाच? हा एवढाच?’

दुर्बिणीत दिसत होती ती वाटाण्याहून लहान अशी नारिंगी चकती आणि तिच्या कडेला एक पांढुरका ठिपका. तो ठिपका म्हणजे मंगळाच्या ध्रुवावरचं बर्फ.

कोण हा मंगळ?

तरुणाने जे सांगितलं ते आत्याने मन लावून ऐकलं. मंगळ आपल्या पृथ्वीच्या निम्म्या आकाराचा. त्याचा व्यास सुमारे ६,७८० किलोमीटर. तो तांबडा दिसतो तो रागाने नव्हे, तर गंजामुळे. त्याच्या मातीत लोहाचं प्रमाण मोठं आहे आणि ते लोह गंजलेलं आहे. तिथला दिवस आपल्यापेक्षा जेमतेम चाळीस मिनिटांनी मोठा, वर्ष मात्र आपल्या ६८७ दिवसांचं. जमिनीवरची ओढ आपल्याकडच्या ओढीच्या जवळपास ३८ टक्के. म्हणजे इथे साठ किलो भरणारी बाई तिथल्या वजनकाट्यावर तेवीस किलो भरेल.

मंगळाला फोबोस आणि डिमोस असे दोन छोटे चंद्र आहेत. ते १८७७ मध्ये सापडले. आणि या ग्रहाभोवती आपलंही यान फिरलं आहे. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोटाहून निघालेलं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोहोचलं. खर्च सुमारे ४५० कोटी रुपये. सहा महिने चालावं म्हणून बनवलेलं ते यान २०२२ पर्यंत काम करत राहिलं. ते यशस्वी करणाऱ्यांत साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या महिलाही होत्या. त्यांची छायाचित्रं त्या दिवशी जगभर छापून आली. त्या बातमीचं कात्रण आत्याने जपून ठेवलंय, हे मला त्या रात्री कळलं.

आता पत्रिकेचा हिशेब. लग्नस्थानापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला, की ती पत्रिका मंगळाची मानतात. बारा घरांपैकी पाच! पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दिवसभरात मंगळ या बाराही घरांतून जाऊन येतो. म्हणजे कोणत्याही दिवशी जन्मलेल्या बारा मुलांपैकी सरासरी पाचांना मंगळ असणारच. शंभरात चाळीसहून अधिक! शाळेच्या वर्गातली निम्म्याला थोडी कमी मुलं. पत्रिका पाहावी की पाहू नये हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण स्थळ परत पाठवण्याआधी हा साधा गुणाकार-भागाकार करून पाहायला काय हरकत आहे?

तारे आणि माणसांची वयं

चहा झाला. थंडी वाढली होती. तरुणाने हातातल्या हिरव्या प्रकाशाच्या काठीने मृग नक्षत्र दाखवलं. चार कोपऱ्यांना हरणाचे चार पाय, मध्ये रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि तो बाण मारणारा खालचा तेजस्वी व्याध. आत्या म्हणाली, ‘पण मृग तर जूनमध्ये लागतो ना? पेरण्या तेव्हाच होतात.’ प्रश्न बरोबर होता. मृग लागतो म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात येतो. त्या दिवसांत मृगाचे तारे सूर्याबरोबरच उगवतात आणि मावळतात, म्हणून दिसत नाहीत. ते पाहायचे तर हिवाळ्याच्या रात्रीच.

मृगाच्या एका पायाशी तांबूस काक्षी, समोरच्या पायाशी निळसर पांढरा राजन्य. ताऱ्याचा रंग म्हणजे त्याचं तापमान. तांबडा तारा त्यातल्या त्यात थंड, निळसर तारा अधिक तप्त. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल होतं आणि तापत गेलं की पांढरं पडतं, तसंच हे. बाणाच्या खाली दुर्बिणीतून धुक्यासारखा एक पुंजका दिसतो. त्या वायूच्या ढगात आजही नवे तारे जन्म घेत आहेत.

मग त्याने सगळ्यांना वय विचारायला सुरुवात केली. बायका हसू लागल्या. पण कारण गमतीचं होतं. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर धावतो. तरी सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सव्वाआठ मिनिटं लागतात. त्या रात्रीच्या मंगळाचा प्रकाश सुमारे साडेपाच मिनिटांपूर्वी निघाला होता. तारे मात्र इतके दूर आहेत, की त्यांचा प्रकाश वर्षानुवर्षं वाटेत असतो. वर्षभरात प्रकाश जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष, म्हणजे जवळजवळ साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.

माझ्या मुलीच्या वाट्याला व्याध आला. तो ८.६ प्रकाशवर्षं दूर आहे. ती जन्मली त्या सुमारास निघालेला प्रकाश त्या रात्री तिच्या डोळ्यांत शिरत होता. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. मला मिळाला मंगळाशेजारीच चमकणारा, पुनर्वसूच्या जोडीतला अधिक तेजस्वी तारा.

‘आणि काकू, तुम्ही?’

‘पासष्ट,’ आत्या म्हणाली.

‘मग तुमची रोहिणी.’

गुरूच्या शेजारीच रोहिणी होती, नारिंगी आणि शांत. सुमारे ६५ प्रकाशवर्षं दूर. सूर्याच्या व्यासाच्या चाळीसपटीहून मोठा तारा. रंगाने मंगळासारखाच, पण मंगळ सूर्याच्या उसन्या प्रकाशाने चमकतो, तर रोहिणीचा प्रकाश तिचा स्वतःचा.

त्याही पलीकडे

वायव्येला देवयानीच्या ताऱ्यांजवळ नुसत्या डोळ्यांनी एक धूसर डाग दिसत होता. तो तारा नाही, तर आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी दीर्घिका आहे. आपल्या आकाशगंगेत किमान दहा हजार कोटी तारे आहेत आणि आपला सूर्य त्यांतला एक, मध्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं लांब. देवयानीचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस नव्हता.

याहून दूरचा पल्ला आपल्याच शास्त्रज्ञांनी गाठलाय. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या खगोलशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दीर्घिकांचा एक अवाढव्य समूह शोधून काढला. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. त्याला त्यांनी नाव दिलं ‘सरस्वती’.

अडचण एकच आहे. हे आकाश शहरांतल्या दिव्यांमागे बुजत चाललंय. म्हणूनच लडाखमधल्या हानले इथे, जिथे साडेचार हजार मीटर उंचीवर आपली वेधशाळा आहे, तिथला परिसर अंधारासाठी राखून ठेवण्यात आला. गावकरी बाहेरचे दिवे झाकतात आणि पाहुण्यांना आकाश दाखवतात. आपल्याला हानलेला जाणं जमेलच असं नाही. पण गावी गेल्यावर अंगणातला दिवा तासभर बंद ठेवणं तर जमेल?

तुम्हीही सुरुवात करा

• अमावास्येच्या आसपासची निरभ्र रात्र निवडा. बॅटरीला लाल जिलेटिन कागद लावा.

• दुर्बीण लगेच विकत घेऊ नका. पहिले काही महिने नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रं ओळखा. मग साधी द्विनेत्री घ्या. चंद्रावरची विवरं, कृत्तिकांचा पुंजका आणि देवयानी तिच्यातून छान दिसतात.

• मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर इथे तारांगणं आहेत. सुटीत मुलांना एकदा तरी न्या.

• दुर्बिणीतून किंवा द्विनेत्रीतून सूर्याकडे कधीही पाहू नका. दृष्टी कायमची जाऊ शकते.

• आपल्या वयाचा तारा शोधा. अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी प्रश्वा, सतराव्या वर्षी श्रवण, पंचविशीत अभिजित, सदतिसाव्या वर्षी स्वाती, त्रेचाळिसाव्या वर्षी ब्रह्महृदय, पासष्टाव्या वर्षी रोहिणी. आजी-आजोबा एकोणऐंशीचे असतील, तर त्यांच्यासाठी मघा.

पहाटे चंद्राची बारीक कोर उगवली तेव्हा मुलगी आत्याच्या मांडीवर झोपली होती. आत्या मात्र जागीच होती. मंगळ तोवर पश्चिमेकडे कलला होता. ‘पुन्हा असा जवळ कधी येतो गं हा?’ तिने विचारलं. पंचवीस महिन्यांनी, मी सांगितलं. फेब्रुवारी २०२७ मध्ये.

घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या शेवटच्या पानावर दुधाच्या हिशेबाखाली पेनाने लिहून ठेवलं: ‘१९ फेब्रुवारी २०२७. मंगळ. पोरीला घेऊन जाणे.’