शाळेच्या दारातली झडती

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपल्यावर एका काकूंनी विचारलं, "माझ्या पुतण्याची मुलगी अमेरिकेत शिकते. तिच्या शाळेत म्हणे रोज दारात तपासणी होते, विमानतळावर करतात तशी. का गं? शाळेत कसली तपासणी?" प्रश्न साधा होता, पण उत्तर बैठकीत मावणारं नव्हतं. म्हणून आज त्यावर बोलते.

तपासणी असते हत्याराची. बंदूक, पिस्तूल, चाकू. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक ठेवता येत नाही, त्यामुळे आपल्या बहुतेकींनी ती पोलिसाच्या खांद्यावर नाहीतर सिनेमातच पाहिली. अमेरिकेत दहातल्या साधारण चार घरांत बंदूक असते. जिथे घरात आहे, तिथून ती दप्तरात जायला किती वेळ लागतो?

एप्रिल १९९९ मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनीच गोळीबार करून १२ मुलं आणि एका शिक्षकाचा जीव घेतला. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलँडला १७ जण गेले. अशा प्रत्येक घटनेनंतर आईबाप शाळेला विचारतात, तुम्ही दारात काय करत होता? मग दारात यंत्रं येतात. न्यूयॉर्क शहरातल्या काही शाळांत तर ती कोलंबाइनच्याही आधीपासून आहेत. पण देशभर पाहिलं तर रोज प्रत्येक मुलाला तपासणाऱ्या शाळा अजून थोड्याच आहेत, शंभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आणि जिथे काळी किंवा लॅटिनो मुलं जास्त, तिथे यंत्र असण्याची शक्यताही जास्त. हे लक्षात ठेवा, कारण भीती सगळ्यांची असली तरी रांगेत रोज कोण उभं राहतं हा वेगळा प्रश्न आहे.

यंत्राचं काम असं. दाराच्या चौकटीसारखी एक चौकट असते. तिच्यात तारांची वेटोळी असतात आणि त्यांतून वीज खेळवून चुंबकाचं क्षेत्र तयार केलेलं असतं. धातू त्यातून गेला की क्षेत्र हलतं आणि यंत्र वाजतं. त्याला बंदूक कळत नाही, फक्त धातू कळतो. किल्ली, पट्ट्याचं बक्कल, कंपासपेटी, स्टीलचा डबा, सगळ्याला ते वाजणार. म्हणून वाजलं की बाजूला घेऊन हातातल्या दांड्याने पुन्हा तपासायचं. दप्तर वेगळ्या पट्ट्यावरून क्ष-किरणांच्या यंत्रात जातं.

आता वेळेचा हिशेब करा, आपण बचतीचा करतो तसाच. एका मुलाला दहा सेकंद धरले तर एका दारातून मिनिटाला सहा मुलं जातात. शाळेत १५०० मुलं आहेत आणि दारं तीन. सगळी आत जायला ८३ मिनिटं लागतात, म्हणजे जवळजवळ दीड तास. आणि हे कुणाचंही काही वाजलं नाही तर! थंडीच्या दिवसांत बर्फात उभं राहायचं ते वेगळंच. तिकडे गरीब मुलांना सकाळची न्याहारी शाळेत मिळते. रांग लांबली की ती हुकते, मग पहिला तास हुकतो. उशीर लागतो तो मुलाच्या नावावर, यंत्राच्या नावावर नाही.

हा वेळ वाचवायला नव्या तऱ्हेची यंत्रं आली. चालता चालता, दप्तर पाठीवर ठेवूनच जा, संगणक हत्यार तेवढं ओळखेल, असा विकणाऱ्यांचा दावा. प्रत्यक्षात ती लॅपटॉपला आणि वह्यांच्या लोखंडी कड्यांनाही वाजू लागली. मग मुलांनी लॅपटॉप दप्तरातून काढून हातात वर धरून चालायचं, अशी पद्धत काही शाळांत पडली. उलट ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळेत सात इंची चाकू यातूनच आत गेला आणि एका मुलावर वार झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने इव्हॉल्व्ह या कंपनीवर दावे फुगवून सांगितल्याची कारवाई केली आणि काही शाळांना करार मोडायची मुभा मिळवून दिली. शेतीचं औषध घेताना दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये म्हणतो ना आपण, तसंच हे.

मुलींचं वेगळं असतं. अंतर्वस्त्रातल्या तारेला किंवा हुकालाही यंत्र वाजतं. मग दांडा कोण फिरवणार, दप्तरातलं पॅडचं पाकीट कोण उघडणार, मागे रांगेत मुलं उभी असताना? हे आपल्याला परकं नाही. दहावी-बारावीच्या केंद्रावर झडती होते तेव्हा बाईच हवी असा आग्रह आपण धरतोच. २०२२ मध्ये केरळात नीट परीक्षेला यंत्र वाजलं म्हणून मुलींना अंतर्वस्त्र काढायला लावल्याची तक्रार थेट पोलिसांत गेली होती. आपल्या मुलींवर हे वर्षातून एखाद्या दिवशी येतं. तिकडे काही मुलींवर शाळेच्या प्रत्येक दिवशी.

आणखी एक गोष्ट सांगते, ती ऐकून मी चकितच झाले. न्यूयॉर्कच्या शाळांत २०१५ पर्यंत मोबाईलला बंदी होती. यंत्र नसलेल्या शाळांत मुलं तो गुपचूप नेत. यंत्र असलेल्या शाळांत मात्र तो सापडायचाच. म्हणून शाळेबाहेर गाड्या उभ्या राहू लागल्या. रोजचा एक डॉलर द्या, मोबाईल आमच्याकडे ठेवा! म्हणजे शिक्षण फुकट आणि दारातून जायला भाडं, तेही गरीब वस्तीतल्याच मुलांना.

मग याने मुलं सुरक्षित होतात का? चाकू-पिस्तुलं सापडतात हे खरं, आणि ज्या आईचं मूल त्या शाळेत आहे तिला तेवढंही पुरे वाटलं तर तिला मी नावं ठेवणार नाही. पण २०११ साली आधीच्या पंधरा वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला गेला, तेव्हा यंत्रांमुळे हिंसा कमी होते असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. उलट काही ठिकाणी मुलांना जास्त असुरक्षित वाटत होतं. मला यात नवल वाटत नाही. रोज सकाळी हात वर करायला लावलं तर मूल काय समजेल? इथे काहीतरी भयंकर आहे, आणि संशय माझ्यावर आहे.

माझ्या मते खरा प्रश्न शाळेच्या दारात नाहीच. जानेवारी २०२३ मध्ये व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथे पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाने वर्गात बाईंवर गोळी झाडली. बाई वाचल्या. मुलाकडे बंदूक असल्याचा संशय शिक्षकांना आधीच आला होता, दप्तर तपासलंही होतं, पण त्यात काही मिळालं नाही. ते पिस्तूल त्याच्या आईचं होतं. नंतर त्या भागातल्या शाळांत यंत्रं बसली आणि आई तुरुंगात गेली. मिशिगनमध्ये २०२१ साली चार विद्यार्थ्यांना मारणाऱ्या मुलाच्या तर आईबाप दोघांनाही २०२४ मध्ये शिक्षा झाली. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २०१९ मध्ये शाळांतल्या ४१ हल्ल्यांचा अभ्यास मांडला. त्यांत ज्यांनी बंदूक वापरली, त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांनी ती आईबापांच्या किंवा जवळच्या नातलगाच्या घरातूनच आणली होती.

म्हणून तिकडचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, बंदूक ठेवायचीच असेल तर गोळ्या काढून, कुलपात ठेवा आणि गोळ्यांना वेगळं कुलूप लावा. मूल दुसऱ्याकडे खेळायला जाणार असेल तर आधी विचारा, तुमच्याकडे बंदूक आहे का, कुलपात आहे का? विचारायला अवघड वाटतं, पण तिथल्या कितीतरी आया विचारतात. काकूंना मी एवढंच सांगितलं, पुढच्या वेळी व्हिडिओ कॉलवर पुतण्याच्या बायकोशी बोलाल तेव्हा शाळेच्या यंत्राबरोबर हेही विचारा, की पोरगी खेळायला कुणाकडे जाते आणि त्या घरात काय काय आहे.