तेलाची शाळा, सूर्याची शाळा

अबू धाबीत 2017 साली तीन उच्चशिक्षण संस्था एकत्र आल्या आणि खलिफा विद्यापीठाला आजचं रूप मिळालं. त्या तिघींतल्या दोन संस्थांची नावं शेजारी शेजारी वाचली की थबकायला होतं. एक पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. अबू धाबीची सरकारी तेल कंपनी अ‍ॅडनॉक हिनं ती 2000 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सच्या मदतीनं काढली. विहिरी खोदणारे, जमिनीखालचा खडक ओळखणारे, रिफायनरी चालवणारे इंजिनिअर देशातच तयार व्हावेत, हा तिचा हेतू. दुसरी मसदर इन्स्टिट्यूट. एमआयटीच्या सहकार्यानं तिची स्थापना 2007 साली झाली, 2009 साली पहिले विद्यार्थी आले, आणि तेल संपल्यावर किंवा तेल नकोसं झाल्यावर जग कशावर चालेल याचा अभ्यास तिनं हाती घेतला. म्हणजे दुसरी निघाल्यापासून दहा वर्षांत दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या शाळा एका घरात नांदायला आल्या. अमिरातीतल्या विक्रमी सौर प्रकल्पांबद्दल आपल्याकडे बरंच छापून येतं. मला या विलीनीकरणात त्याहून मोठी गोष्ट दिसते, कारण ऊर्जेचा बदल शेवटी माणसांच्या हातांतून आणि डोक्यांतून घडायचा असतो.

या भूमीला असा बदल नवा नाही. तेलाच्या आधी इथलं अर्थकारण मोत्यांवर चालत असे आणि त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई. आखातातले व्यापारी हंगाम संपला की मोती घेऊन मुंबईला येत. 1930च्या सुमारास जागतिक मंदी आणि जपानचे कल्चर्ड मोती असे दोन घाव एकदम बसले आणि किनाऱ्यावरची घरंच्या घरं बसली. पाणबुड्यांना दुसरं काही शिकवणारं कुणी नव्हतं. पुढे तेल कंपन्या आल्या तेव्हा ज्यांना जमलं ते त्यांच्याकडे अंगमेहनतीच्या कामाला लागले. 1958 साली अबू धाबीच्या समुद्रात उम्म शैफ इथं तेल सापडलं आणि 1962 साली पहिलं जहाज भरून गेलं. म्हणजे मोती बुडाले तेव्हापासून तेलाचा पैसा हाती येईपर्यंत जवळजवळ तीस वर्षांचा उपास घडला. पुढचा बदल येण्याआधी शाळा काढून ठेवण्याची घाई कुठून आली असेल, ते या तीस वर्षांकडे पाहिल्यावर समजतं.

मसदर ही मुळात 2006 साली स्थापन झालेली सरकारी कंपनी. विमानतळाजवळ तिनं एक नवं शहर वसवायला घेतलं. आराखडा लंडनच्या फॉस्टर अँड पार्टनर्सचा. सुमारे 50 हजार वस्ती, कार्बनचं उत्सर्जन शून्य, काम पूर्ण होणार 2016 साली. तसं झालं नाही. जागतिक मंदीनंतर मुदती पुढे ढकलल्या गेल्या, शून्याचा आग्रहही सैल झाला. या अपुऱ्या शहरात पहिलं बिऱ्हाड आलं ते मसदर इन्स्टिट्यूटचं, 2010 साली. अरुंद सावलीच्या गल्ल्या, जाळीदार भिंती, वरची हवा खाली आणणारा 45 मीटर उंचीचा वातमनोरा. जिथं उन्हाळ्यात विजेचा मोठा वाटा एसीवरच खर्च होतो, तिथं विद्यार्थ्यांची राहती इमारत हाच पहिला धडा होता: वीज कशी निर्माण करायची हा प्रश्न नंतरचा, ती लागणारच नाही असं घर कसं बांधायचं हा आधीचा.

पण संस्थेनं केलेलं मोलाचं काम मला विचाराल तर ते धुळीचं आहे. वाळवंटात ऊन भरपूर, मग सौरऊर्जेला काय अडचण, असं आपल्याला वाटतं. अडचण अशी की उन्हाचे दोन भाग असतात. एक सूर्याकडून थेट येणारा किरण, दुसरा हवेत विखुरून सगळीकडून येणारा उजेड. हवेत बारीक धूळ आणि समुद्राचं बाष्प असलं की पहिला भाग घटतो, दुसरा वाढतो. साधं सिलिकॉन पॅनेल दोन्हींवर चालतं. आरशांना मात्र थेट किरणच लागतो, कारण विखुरलेला उजेड एका रेषेत गोळा करता येत नाही. अमिरातीनं पहिला मोठा प्रकल्प उभारला तो नेमका आरशांचा. मदिनत झायेदजवळ 2013 साली सुरू झालेला शम्स-1, 100 मेगावॅटचा, अडीच चौरस किलोमीटरवर पसरलेला, अडीच लाखांहून अधिक आरशांचा. आकाश निरभ्र दिसत असूनही थेट ऊन किती मिळेल, याचं उत्तर डोळ्यांना देता येत नव्हतं.

मसदर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी उपग्रहाची चित्रं आणि जमिनीवरची मोजमापं जुळवून देशाचा सौर नकाशा तयार केला. युरोपातल्या स्वच्छ हवेसाठी बनवलेली गणितं इथं तशीच लावून चालत नाही. धुळीचा हिशेब धरावा लागतो, तो त्यांनी धरला. या कामाचा उपयोग इतर धुळीच्या देशांनाही झाला, कारण आंतरराष्ट्रीय अपारंपरिक ऊर्जा संस्थेचं, म्हणजे आयरेनाचं, मुख्यालय मसदर शहरातच आहे आणि तिच्या जागतिक नकाशाच्या कामात हे संशोधक सहभागी होते. आपल्याकडे धुळे-नंदुरबारच्या माळावर एप्रिल-मे महिन्यात जे आभाळ असतं, ते पाहिलेल्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

धूळ हवेत असते तशी काचेवरही बसते. रात्री दव पडतं, धुळीचा चिखल होतो, सकाळी तो उन्हात वाळून घट्ट धरतो. पाण्यानं धुवायचं तर पाणी समुद्राचं, खारेपण काढून गोड केलेलं, म्हणजे पुन्हा ऊर्जा खर्चून मिळवलेलं. म्हणून स्वैहान इथल्या 1,177 मेगावॅटच्या नूर अबू धाबी प्रकल्पात सुमारे 32 लाख पॅनेलांवरून रोबो कोरडे ब्रश फिरवतात. त्यात उष्णतेची भर. पॅनेलची क्षमता 25 अंश सेल्सिअसला मोजलेली असते. त्यापुढच्या दर अंशाला साधारण 0.4 टक्के वीज कमी होते. पॅनेल 65 अंशांना तापलं की सुमारे 16 टक्के वीज गेली. हे आकडे कोणत्याही पुस्तकात मिळतील, पण ते अंगवळणी पडायला तापलेल्या पत्र्याजवळ उभं राहून मीटर वाचावा लागतो.

आता तेलवाल्यांकडे वळू. शम्स-1मध्ये आरशांनी तापवलेलं कृत्रिम तेल नळ्यांतून सुमारे 390 अंशांपर्यंत जातं, त्या उष्णतेवर वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं. नळ्या, झडपा, उष्णता विनिमयक, वाफ, टर्बाइन: रिफायनरीत किंवा औष्णिक केंद्रात दहा वर्षं काढलेल्या माणसाला यातलं परकं फारसं काही नाही. दुबईच्या सौर उद्यानात साधारण 260 मीटर उंच मनोऱ्यावर वितळलेलं मीठ तापवून रात्रीसाठी उष्णता साठवतात. तिथंही मीठ नळीत गोठू न देणं ही कसोटी, आणि जड कच्चं तेल थंडीत वाहतं ठेवणाऱ्यांनी तिच्यासारख्या कसोट्या पाहिलेल्या असतात. खडकाचं ज्ञानही वाया जात नाही. मुसफ्फा इथल्या पोलाद कारखान्यातून वर्षाला आठ लाख टनांपर्यंत कार्बन डायऑक्साइड पकडून 43 किलोमीटरच्या पाइपलाइननं तेलक्षेत्रात जमिनीखाली सोडण्याची योजना 2016 साली सुरू झाली. कोणता खडक वायू धरून ठेवील, हे पेट्रोलियमवालाच सांगू शकतो.

इथं स्पष्ट बोललं पाहिजे. तो वायू खाली सोडतात तो आणखी तेल वर यावं म्हणूनसुद्धा. अ‍ॅडनॉकनं 2027पर्यंत रोजची उत्पादनक्षमता 50 लाख पिंपांवर नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. मसदरचे संस्थापक प्रमुख सुलतान अल जाबेर 2016पासून अ‍ॅडनॉकचे प्रमुख आहेत आणि 2023 साली दुबईत झालेल्या हवामान परिषदेचे अध्यक्षही तेच होते. जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचं आवाहन अशा परिषदेच्या ठरावात पहिल्यांदा आलं ते तिथंच. एका हातानं विहीर वाढवायची आणि दुसऱ्या हातानं सौरतज्ज्ञ घडवायचे, यावर जगभर टीका झाली. मला ती रास्त वाटते. तरीही शिकून बाहेर पडलेला विद्यार्थी मागे घेता येत नाही. कंपनीचं धोरण बदलू शकतं, त्याला आलेली विद्या त्याच्याजवळ राहते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. मसदर इन्स्टिट्यूट पदव्युत्तर शिक्षणाची संस्था होती. तिथून संशोधक, धोरणकर्ते, प्रकल्पप्रमुख निघाले. पण पॅनेलांच्या रांगेत स्क्रू आवळणारा, केबल ओढणारा, इन्व्हर्टरची चूक हुडकणारा माणूस कुठं शिकतो? दुबईच्या वीज-पाणी प्राधिकरणानं 2013 साली स्वतःची अकादमी काढली आणि शाळकरी वयाच्या अमिराती मुलांना अपारंपरिक ऊर्जेचं व्यावसायिक शिक्षण द्यायला सुरुवात केली. दुबईत घराच्या छतावर पॅनेल बसवायचं तर कंत्राटदार प्राधिकरणाकडे नोंदलेला लागतो आणि त्याच्याकडे प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेली माणसं असावी लागतात. ही अट मला फार आवडते. छतावरचं काम बिघडलं की आग लागते, आणि दोष मात्र सूर्यावर जातो.

या देशात राबणारे बहुतेक हात परदेशातून आलेले आहेत. त्यांत आयटीआय करून गेलेले फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आपलेही आहेत. अकादमीचा मुख्य अभ्यासक्रम अमिराती मुलांसाठी आहे. बाहेरच्या कामगारानं शिकायचं ते कामावर, मुकादमाच्या हाताखाली, किंवा गावाहून निघण्याआधी. म्हणजे त्या प्रशिक्षणाचा अर्धा भार आपोआप आपल्या आयटीआयवर येतो. केंद्र सरकारची सूर्यमित्र योजना 2015पासून तरुणांना पॅनेल बसवायला शिकवते आहे. पण ती नव्याने येणाऱ्यांसाठी आहे. ज्यांची हयात कोळशावर गेली, त्यांच्यासाठी नाही.

चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2,920 मेगावॅटचं. तिथल्या टर्बाइन हॉलमध्ये बेअरिंगचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारे लोक आहेत. त्यांना पॅनेल पुसायला पाठवणं हा त्यांच्या विद्येचा अपमान होईल. अबू धाबीतल्या एकत्रीकरणाकडून घेण्यासारखं आहे ते हे, की जुन्या धंद्यातलं काय नव्यात चालतं याची मोजदाद आधी करावी. आपल्याकडे आरशांचे प्रकल्प फारसे नाहीत, पण पाणी वर चढवून साठवणारी जलविद्युत आहे. घाटघरचं 250 मेगावॅटचं केंद्र असंच चालतं आणि सह्याद्रीत असे आणखी प्रकल्प करण्याचे करार झाले आहेत. टर्बाइन, झडप, कंपन, जनित्र, ग्रिडशी मेळ: चंद्रपूरच्या माणसाला यातलं बरंचसं येतं, पाण्याचं टर्बाइन आणि उलटं फिरणारा पंप एवढं नव्यानं शिकावं लागेल. त्या शिक्षणाचा अभ्यासक्रम लिहायला घ्यायचा तर कोळशाचे संच बंद पडायच्या आधीच, त्याच लोकांना टेबलाशी बसवून घ्यायला हवा.