आकडा जिल्ह्याचा, भीती गल्लीची

जून उजाडला की लातूरच्या उद्योग भवन परिसरात, म्हणजे पोरांच्या भाषेत ‘ट्युशन एरिया’त, मुखेड, अहमदपूर, गंगाखेडकडून आलेले आईबाप खोल्या शोधत फिरताना दिसतात. क्लासची फी, मेसचा डबा, खोलीचं डिपॉझिट हे सगळं विचारून झालं की शेवटी दबक्या आवाजात एक प्रश्न येतो, ‘पोरगी ठेवावी असा एरिया आहे का?’ हा प्रश्न कुणी पोलीस ठाण्यात जाऊन विचारत नाही. तो विचारला जातो झेरॉक्सवाल्याला, मेसवाल्या मावशीला, रिक्षावाल्याला. उत्तर बहुतेक ठरलेलं असतं, ‘काही टेन्शन घेऊ नका मामा, अकरापर्यंत रस्ता चालूच राहतो.’

आता शिकागोला शिकायला निघालेला नांदेडचा मुलगा काय करतो? तो मोबाइलवर नकाशा उघडतो. त्या शहरात २००१ पासून नोंदलेला जवळपास प्रत्येक गुन्हा ब्लॉकनिहाय लोकांसमोर ठेवलेला आहे. कोणत्या कोपऱ्यावर गाडी फोडली, कुठे लुटलं, कुठे गोळी झाडली, हे त्याला नांदेडच्या श्रीनगरात बसून कळतं. त्याच मुलाच्या धाकट्या बहिणीसाठी नांदेडच्याच भाग्यनगरात की लातूरच्या शिवाजीनगरात खोली घ्यावी, हे मात्र झेरॉक्सवाल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

झेरॉक्सवाला अगदीच चुकीचा असतो असं नाही. अमेरिकी लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये मांडलं होतं की ज्या रस्त्यावर दुकानं उघडी, माणसं बसलेली आणि खिडक्यांतून नजरा असतात, तो रस्ता पोलिसांशिवायही बराचसा सांभाळला जातो. ‘अकरापर्यंत रस्ता चालू’ म्हणणाऱ्या माणसाने ते पुस्तक वाचलेलं नसतं, पण सांगतो तो तेच. (ट्युशन एरियातले वडापावचे, चहाचे गाडे ‘अतिक्रमण’ म्हणून उठवताना महापालिकेनं हे थोडं लक्षात घ्यायला हरकत नाही. दहा वाजता क्लास सुटल्यावर मोकळ्या, स्वच्छ, ओसाड रस्त्यावरून खोलीवर जाणाऱ्या मुलीला स्वच्छतेचं काय कौतुक?)

तरी आकडा हवाच. आणि इथे पहिली अडचण येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, १९५३ पासून निघणारा ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल काढतो. त्यात शहरांचं वेगळं प्रकरण असतं, पण ते वीस लाखांवर लोकवस्तीच्या १९ महानगरांपुरतं. आपल्या राज्यातून त्यात मुंबई, पुणे आणि नागपूर. २०११ च्या जनगणनेत नांदेड साडेपाच लाखांचं आणि लातूर पावणेचार लाखांच्या थोडं पुढे. ही शहरं त्या तक्त्यात बसत नाहीत. त्यांना मिळतो जिल्ह्याचा आकडा. नांदेड जिल्हा सोळा तालुक्यांचा. किनवटच्या जंगलातलं भांडण, देगलूरच्या सीमेवरची दारू आणि वजिराबादेतली सोनसाखळी, सगळं एकाच बेरजेत. पोलीस रचनाही तशीच. मराठवाड्यात पोलीस आयुक्तालय एकटं छत्रपती संभाजीनगरला. नांदेड आणि लातूर शहरं पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत, आणि दोन्ही जिल्हे परभणी-हिंगोलीसह नांदेड परिक्षेत्रात. त्यामुळे शहर म्हणून स्वतंत्र हिशेब मांडायची गरज कुणाला पडतच नाही.

दुसरी अडचण भाजकाची. गुन्ह्याचा दर लाख लोकसंख्येमागे काढतात आणि लोकसंख्या कुणी २०११ नंतर मोजलेली नाही. २०२१ ची जनगणना झाली नाही, दर अंदाजित आकड्यांवर निघतात. लातुरात आज खोली करून राहिलेली हजारो पोरं २०११ च्या मोजणीत आपापल्या गावी धरली गेली, त्यांचा चोरीला गेलेला मोबाइल मात्र लातूरच्या गुन्ह्यात.

एवढं ध्यानात ठेवून एक ढोबळ गणित करून पाहू. २०२२ मध्ये देशात २८,५२२ खुनांची नोंद झाली, म्हणजे लाखामागे २.१. या सरासरीने नांदेड शहराच्या वाट्याला वर्षाला अकरा-बारा खून येतात. शिकागोत २०२१ या फार वाईट वर्षी सुमारे आठशे खून झाले, वस्ती सत्तावीस लाखांची. तो दर नांदेडला लावला तर दीडशेच्या वर जातो. बातम्या बघून ‘आपलं गाव आता शिकागो झालं’ म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करावं. बंदूक दुकानात मिळणं आणि गावठी कट्टा चोरून आणावा लागणं, यातलं अंतर त्या दोन आकड्यांत बऱ्याच अंशी आहे.

पण सरासरीने भीती जात नाही, कारण भीती घटनेची असते. नांदेडकरांना ५ एप्रिल २०२२ ची सकाळ विसरता येत नाही. शारदानगरसारख्या सुस्थितीतल्या वस्तीत, स्वतःच्या घराच्या फाटकाशी एका नामांकित बांधकाम व्यावसायिकावर दुचाकीवरून आलेल्या दोघांनी गोळ्या झाडल्या. सीसीटीव्हीतलं ते चित्रण संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचलं. तपासात खंडणीचा धागा पुढे आला, आणि नाव आलं हरविंदरसिंग रिंदाचं. नांदेडातच वाढलेला आणि पाकिस्तानात आश्रयाला गेलेला हा गुंड, त्याला केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये दहशतवादी घोषित केलं. त्या गोळीबाराच्या जवळपास चार वर्षं आधी, जून २०१८ मध्ये, लातुरात एका क्लासचालकाला मध्यरात्री गाडीत गोळी घालून मारलं गेलं. पोलिसांनी धंद्यातल्या वैरातून दिलेल्या सुपारीचा गुन्हा म्हणून त्याचा तपास केला.

या दोन्ही घटनांत एक गोष्ट सारखी आहे आणि ती आपल्या गावगप्पांना छेद देते. नांदेडात ‘त्या भागात नको’ म्हणताना बोट देगलूर नाक्याकडे, इतवाऱ्याकडे जातं. लातुरातही अशी बोटं ठरलेली आहेत. जात आणि धर्म बघून ठरलेली असतात, हे उघड म्हणायला आपण कचरतो इतकंच. शहर हादरवणाऱ्या गोळ्या मात्र झाडल्या गेल्या त्या पैसा जिथे होता तिथे. आणि जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात एका दलित तरुणाचा खून झाला. गावात आंबेडकर जयंती साजरी केल्याचा राग त्यामागे असल्याची तक्रार आहे. मग ‘सुरक्षित गाव’ हे कुणासाठी, हा प्रश्न त्या गावापुरता राहत नाही.

खुनांची कारणं पाहिली तर चित्र आणखी जवळ येतं. २०२२ च्या त्या साडेअठ्ठावीस हजारांतले जवळपास दहा हजार खून वादातून झालेले, बांध, पैसा, घरगुती भांडण. त्याखालोखाल जुनं वैर. लुटीसाठी केलेले दोन हजारांच्याही आत. बायकांविरुद्धच्या गुन्ह्यांत सर्वात मोठा गठ्ठा, सुमारे ३१ टक्के, नवऱ्याकडून आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा. ट्युशन एरियातल्या मुलीला अंधारातल्या अनोळखी माणसाची भीती घातली जाते. आकडे मात्र उजेडातल्या ओळखीच्या माणसाकडे बोट दाखवतात. पोलिसांच्या दामिनी पथकाची गाडी कॉलेजच्या फाटकावर उभी राहते, ते चांगलंच आहे. पण घराच्या आत तिला वाट नाही.

मराठवाड्यात तर पाणीसुद्धा पोलिसांच्या वहीत येतं. मार्च २०१६ मध्ये लातूर शहरात टाक्या आणि टँकर भरायच्या जागांवर जमावबंदी, तेव्हाचं कलम १४४, लावावी लागली. पाण्यावरून डोकी फुटतील ही भीती प्रशासनाला होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली त्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली, त्याआधीचे हे जमावबंदीचे दिवस मात्र फार कुणाला आठवत नाहीत. नळाला पाणी आलं की कमी होणारा गुन्हा कोणत्या रकान्यात मोजायचा?

सीमा हा या दोन जिल्ह्यांचा आणखी एक धागा. नांदेडला तेलंगणा आणि कर्नाटक लागून, लातूरला बिदर. राज्यात गुटखा २०१२ पासून बंद, पण देवणी-उदगीर-देगलूरच्या बाजूने तो येतो, आणि पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये दर आठवड्याला पकडला जातो. गोदावरीच्या पात्रात वाळूचे तराफे महसूलची पथकं जाळतात, महिन्याभरात नवे उभे राहतात. एप्रिल २०२५ मध्ये चाकूर तालुक्यातल्या रोहिणा गावात केंद्राच्या महसूल गुप्तचर संचालनालयाने मेफेड्रोनचा कारखाना पकडला, अकरा किलोंच्या वर माल. आरोपींत एक पोलीस शिपाईही होता. ‘ड्रग्ज म्हणजे मुंबई’ ही समजूत तिथे संपली.

आता नोंदीकडे, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे. बाजारात मोबाइल गेला की ठाण्यात होणारं संभाषण मराठवाड्यात कुणालाही पाठ असेल. ‘चोरताना पाहिलं का?’ ‘नाही साहेब.’ ‘मग पडला असेल. गहाळ लिहा.’ गहाळ लिहिलं की शिक्का मिळतो, नवं सिम मिळतं, आणि गुन्हा जन्मालाच येत नाही. मारहाणीची अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, हाही तसाच एक दरवाजा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर बंधनकारक, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितलं. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर आणि घरबसल्या ई-एफआयआरची सोय आली. ई-एफआयआरवर तीन दिवसांत जाऊन सही मात्र करावी लागते. मंगळसूत्र हिसकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली आता स्वतंत्र गुन्हा आहे.

नोंद सोपी झाली की आकडा फुगतो, हे दिल्लीत दिसलं. तिथे २०१५ पासून वाहनचोरीची एफआयआर ऑनलाइन होऊ लागली, पुढे साध्या चोऱ्यांचीही, आणि दिल्ली तक्त्यात वर जाऊन बसली. केरळचा दर देशात वरच्या रांगेत असतो त्याचंही हेच एक मोठं कारण. एनसीआरबी स्वतःच सांगतं की वाढलेली नोंद म्हणजे वाढलेला गुन्हा नव्हे. त्यात त्यांची मोजायची रीतही अशी की एका एफआयआरमध्ये घरफोडी आणि खून असेल तर खून तेवढा मोजला जातो. पण विधिमंडळात ‘गुन्हे वाढले’ म्हणून खडाजंगी होते तेव्हा हे कुणाला ऐकायचं नसतं, आणि त्याचा धसका घेऊन ठाणेदार ‘गहाळ’चा शिक्का जवळ ठेवतो. त्याला तरी किती दोष द्यायचा?

शहर सुधारतं ते नेमकं कसं, यावर अमेरिकेतही एकमत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९० साली २,२०० च्या वर खून झाले होते, २०१७ मध्ये तीनशेच्या आत. कुणी श्रेय पोलिसांना देतं, कुणी नोकऱ्यांना, कुणी अमली पदार्थांची लाट ओसरण्याला. त्यातल्या त्यात पक्का निष्कर्ष मिनियापोलिसचा. १९८९ मध्ये तिथल्या अभ्यासात दिसलं की शहरातल्या जेमतेम तीन टक्के पत्त्यांवरून पोलिसांना येणाऱ्या फोनपैकी निम्मे फोन येतात. म्हणजे वाईट असतो तो एखादा कोपरा, एखादा बार, एखादं पडकं गोदाम. अख्खा मोहल्ला वाईट नसतो. आपल्याकडचा बीट अंमलदार हे ओळखून असतो. त्याची ती माहिती वहीतून बाहेर येत नाही, आणि त्याची बदली झाली की तीही जाते.

महाराष्ट्राचा स्वतःचा धडाही विसरण्यासारखा नाही. भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर मोहल्ला समित्या बांधल्या. गल्लीगल्लीत शिपाई आणि दोन्ही समाजांची साधी माणसं एकत्र बसू लागली. १९८४ मध्ये पेटलेलं ते गाव डिसेंबर १९९२ मध्ये, शेजारी मुंबई जळत असताना, शांत राहिलं. नांदेडने मार्च २०२१ मध्ये शिखांच्या होला मोहल्ल्याच्या मिरवणुकीवेळी पोलिसांवर तलवारी धावून गेलेल्या पाहिल्या, त्याच वर्षी नोव्हेंबरातल्या बंदला दगडफेक पाहिली. शांतता समित्या इथेही आहेत. सणाआधी भरतात, चहा होतो, फोटो निघतो.

आणि रस्ता? २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, खुनांच्या जवळपास सहापट. लातूर-नांदेड रस्त्यावर रात्री दिव्याविना उभ्या ऊसट्रॉलीला भेऊन कुणी पोरीची खोली बदलत नाही. तसाच फोनवरचा चोर. २०२४ मध्ये सायबर ठगांनी देशभरातून बावीस हजार कोटींच्या वर लुबाडले. त्याला गल्ली लागत नाही, कुत्रं भुंकत नाही. पैसे गेल्याबरोबर १९३० ला फोन करायचा, सकाळपर्यंत थांबायचं नाही, एवढं घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला पाठ करून द्यायला हवं.

सरकारकडून गल्लीचा आकडा मिळत नाही तोवर तो काढायची एक साधी युक्ती आहे. प्रत्येक ठाण्यात एफआयआरचा क्रमांक १ जानेवारीला एकपासून सुरू होतो. पेपरात किंवा प्रेसनोटमध्ये ‘गु.र.नं.’ पुढे जो आकडा येतो, तो त्या ठाण्याने त्या तारखेपर्यंत वर्षभरात नोंदलेल्या गुन्ह्यांचा. नांदेडात इतवारा, भाग्यनगर, विमानतळ, लातुरात गांधी चौक, विवेकानंद चौक, एमआयडीसी, प्रत्येकाचा वेगळा. त्यात दारू आणि जुगाराच्या धाडीही मोडतात, म्हणून नुसत्या क्रमांकावर भुलायचं नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१६ च्या आदेशाने नाजूक प्रकरणं सोडून प्रत्येक एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायची आहे. म्हणजे माल तयार आहे, निवडायला कुणी बसलेलं नाही.

हे काम लातूरच्या एखाद्या कॉलेजातली संख्याशास्त्राची पोरं एका सत्रात करतील. घरफोडी वेगळी, सोनसाखळी वेगळी, वाहनचोरी वेगळी, गल्ली आणि वेळेसकट. पुढच्या गणपतीआधी शांतता समितीची बैठक लागेल तेव्हा डीजेचा आवाज आणि विसर्जनाचा मार्ग यावर चर्चा होईलच. त्याच बैठकीत कुणीतरी उठून ठाणेदारांकडे मागच्या बारा महिन्यांचा गल्लीनिहाय तक्ता मागावा, आणि सोबत ‘गहाळ’ नोंदी किती, तेही विचारावं.